कौन आई?

त्या वॉर्डात प्रत्येक खाटेच्या डोक्याशी दोन कागद असतात. एक इस्पितळाचा. त्यावर नाव, वय, ताप, गोळ्या. दुसरा म्हणजे औषधाच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा, पांढऱ्या दोऱ्यानं लोखंडी कांबीला बांधलेला. त्यावर मोठ्या गोल अक्षरात एकच शब्द. बई. अम्मी. जीजी. माँ. नवे डॉक्टर आले की त्यांना आधी वाटतं, ही आहाराची काही खूण असावी. मग वॉर्डातला जुना माणूस, प्रकाश, त्यांना समजावतो, "सर, ये अपनी माँ को जो बोल के बुलाता है ना, वो है. बुखार में चिल्लाए तो पता तो चले, किसको चिल्ला रहा है."

हे अक्षर सुलूचं. सुलभा रमेश उपळेकर, वय एकाहत्तर, राहणार नानाखेड़ा, उज्जैन. रोज दुपारी दोन ते पाच ती या वॉर्डात असते. वीस वर्षं झाली. दिवाळीत असते, रंगपंचमीला असते. रमेश गेले तेव्हा तेरा दिवस नव्हती. सिंहस्थात रस्ते बंद होते तेव्हा पोलिसाशी भांडून चालत आली होती.

इस्पितळ धर्मादाय आणि जुनं. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. एड्सची माणसं इतरांपासून दूर असावीत म्हणून तो कधीकाळी वेगळा काढला. तेव्हा दारावर लाल अक्षरातली पाटी होती. आता पाटी नाही, पण जिना चढणाऱ्याची मान अजून आपोआप खाली जाते. सुलूची जात नाही. गुडघे दुखतात म्हणून ती कठडा धरते, आणि वर पाहते, किती पायऱ्या राहिल्या ते.

सुलू मूळची पुसदची. वडिलांचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या लमाण बायका आरसे लावलेल्या घागऱ्यांत यायच्या, मुलांना दुकानाच्या पायरीवर बसवून घासाघीस करायच्या. आठ-नऊ वर्षांची सुलू त्या मुलांशी खेळायची आणि संध्याकाळी जेवताना त्यांची बोली बोलून दाखवायची. आईचा धपाटा मिळायचा, वडील हसायचे. कानात पडलेला शब्द तिथेच राहायचा, एवढाच तिचा गुण. शाळेत बाकी काही विशेष नव्हतं.

पंच्याहत्तर साली लग्न होऊन ती उज्जैनला आली. रमेश रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. गल्ली सगळी हिंदी. आल्हाद झाला, बोलू लागला, आणि गल्लीला एक विनोद मिळाला. सुलू बाजारातून येताना दिसली की तो ओट्यावरून ओरडायचा, "आई!" समोरची जयू मेथी निवडता निवडता विचारायची, "कौन आई रे?" "आई आई!" तो म्हणायचा. एक आई मराठीतली, एक हिंदीतली, दोन्ही एका दमात. गल्ली हसायची. पुढे त्याला मिसरूड फुटलं, तो सायकलवरून कॉलेजात जाऊ लागला, तरी जयू त्याला अडवायची, "क्यूँ भिया, कौन आई?" आता त्यात दुसरा अर्थ असायचा आणि त्याचे कान लाल व्हायचे.

शिकून तो पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या कंपनीत लागला. रतलाम, मंदसौर, नीमच, कधी सुरत. महिन्यातले वीस दिवस फिरती. दोन हजार तीनच्या दिवाळीत घरी आला तेव्हा शर्टाच्या आत कोणी नाहीच असं वाटत होतं.

डॉक्टरांनी रमेशना बाहेर बोलावून आजाराचं नाव सांगितलं. रमेशनी घरी येऊन ते उच्चारलं नाही. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला लिहून सुलूला दाखवलं, मग तेवढा तुकडा फाडून गॅसवर जाळला.

"कावीळ म्हणायचं," ते म्हणाले. "ऋताचं व्हायचंय."

ऋता धाकटी, तेव्हा बावीस वर्षांची. सुलूनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी रमेशनी आल्हादची थाळी आणि फुलपात्र वेगळं काढून मोरीवरच्या फळीवर ठेवलं. सुलूनं सगळ्यांना वाढलं, आणि सगळ्यांचं झाल्यावर ती थाळी घेऊन, त्यानं ठेवलेल्या पोळीच्या कडांसकट, त्यातच जेवायला बसली. रमेश बघत राहिले.

"तुला काही समजतं का?"

"थाळीनं होत नाही एवढं समजतं. डॉक्टरांना विचारून आलेय."

थाळी मांडणीवर परत गेली.

कसं झालं, हे तिनं मुलाला विचारलं नाही. एकदा त्यानंच तोंड उघडलं. "आई, मी..." "अंडं उकडलंय. गरम आहे तोवर खा," ती म्हणाली. पुढे वॉर्डात शेकडो माणसं तिच्या हातावरून गेली, त्यांतही कुणाला तिनं हा प्रश्न केला नाही. दुसरं कोणी करू लागलं तर म्हणते, "कळून काय करणार? पाणी वेगळं पाजणार?"

या आजाराच्या फुकट गोळ्या उज्जैनला यायला अजून काही वर्षं होती. विकतच्या गोळ्यांसाठी रमेशनी फंडातून पैसे काढले, ते पोचले तेव्हा आल्हादला गोळी गिळवत नव्हती. फेब्रुवारीत त्याला या इस्पितळात आणलं. सुलू रोज दुपारी जायची. त्याचं डोकं पुसायची, नखं कापायची, मऊ भात कालवून भरवायची. शेजारच्या खाटांवरचे तिच्याकडे बघत राहायचे. त्यांच्याकडे कोणी येत नसे.

बाराव्या दिवशी रविवार होता. इंदूरचे लोक ऋताला बघायला येणार होते. सुलू सकाळीच इस्पितळात जाऊन आली.

"आज दुपारी नाही येत रे. पाचला येते."

"ये सावकाश," आल्हाद म्हणाला. आवाज कुठून तरी लांबून येत होता. "पोहे नीट कर. तुझे कोरडे होतात."

इंदूरचे लोक दोनला आले. मुलगा सौमित्र, बँकेत होता, लाजरा. त्याची आई, जिला सगळे माई म्हणत, भरघोस अंबाड्याची, सगळीकडे नीट बघणारी बाई. ऋतानं चहा आणला. बोलणी बरी चालली होती. मग माईंनी विचारलं, "आणि चिरंजीव?"

रमेश पंख्याकडे बघू लागले.

"फिरतीवर असतो," सुलू म्हणाली. "सध्या सुरतला."

न अडखळता म्हणाली. आपण हे किती सफाईनं बोललो, याचीच नंतर तिला भीती वाटायची. माई आणखी थोडे पोहे घ्या म्हटल्यावर नको म्हणाल्या. पाहुणे साडेचारला उठले. सुलूनं साडीही बदलली नाही, डबा उचलला आणि रिक्षा केली.

वॉर्डात प्रकाश गादी गुंडाळत होता. तिशीचा असेल तेव्हा, कामावर नवा. तिला बघून त्यानं गादी सोडली.

"चार बजे, माताजी," तो म्हणाला. आणि मग, तिला धीर वाटावा म्हणून असेल, सगळं सांगत सुटला. "तकलीफ ज्यादा नी हुई. बस, पूछता रहा. दो बजे से. आई? आई? मैं हर बार दरवज्जे तक जा के देख के आया. मैंने बोला, नी भिया, कोई नी आई. थोड़ी देर में फिर, आई? मैंने बोला, कौन आई? कौन आने वाली है?" मग आवाज उतरवून त्यानं विचारलं, "कोई लड़की थी क्या?"

सुलूनं डबा खाटेखाली ठेवला. लोखंडी कांब हातात धरली. ती गार होती.

"हाँ," ती म्हणाली. "थी एक."

राम घाटावर दहावा झाला. चार माणसं होती, गुरुजी धरून. सुलू वरच्या पायरीवर उभी होती. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. गुरुजींना बरं वाटलं, रमेशनी हात जोडले, चला, सुटला. सुलूला ती घाई सोसली नाही. कावळ्यानं थांबायला हवं होतं. तास, दोन तास, उन्हं उतरेपर्यंत. इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही म्हणतात. म्हणजे शेवटी त्याची काही इच्छाच उरली नव्हती. कोणी येणार नाही, हे त्याला पटलं होतं.

नदी हिरवट, संथ वाहत होती. दुसऱ्या कुणाच्या तरी आईनं सोडलेला द्रोण पायरीला लागून गोल फिरत होता.

इंदूरचा होकार आला. महिनाभरानं त्यांना कळवलं, मुलगा सुरतला कावीळ होऊन गेला. लग्न वर्षभर पुढे ढकललं आणि मग साधेपणानं झालं. माई त्या काळात दोनदा येऊन गेल्या, सुलूचा हात धरून बसल्या. सुलू त्यांच्या हाताकडे बघत राहायची. चांगला हात होता. त्या हाताला खोटं सांगितलं होतं.

आल्हाद गेल्याच्या पंधराव्या दिवशी ती त्याचं ब्लँकेट वॉर्डात द्यायला गेली होती. देऊन परत फिरायचं, एवढंच मनात होतं. सहा नंबरच्या खाटेवर एक दाढीवाला, आगरकडचा शेतकरी, तापात बडबडत होता. "जीजी... जीजी..."

"बहन को याद कर रहा है," प्रकाश म्हणाला.

सुलू थांबली. उजाडून उन्हं यावीत तसा एक शब्द कानात वर आला. जयूच्या माहेरी, आगरकडेच, आईला जीजी म्हणायचे. ती त्या माणसाजवळ गेली, स्टूल ओढून बसली, त्याचा हात हातात घेतला. "हाँ बेटा," ती म्हणाली, "आई हूँ."

हिंदीत त्याचा अर्थ एवढाच की आले आहे. दाढीवाल्यानं डोळे उघडले नाहीत, पण बडबड थांबली. सुलू पाच वाजेपर्यंत तशीच बसली. उठताना तिनं प्रकाशला सांगितलं, "जीजी माने बहन नहीं. इनके में जीजी माने माँ."

प्रकाश मान हलवून जाऊ लागला, आणि ती, आधी ठरवलेलं नसताना, म्हणाली, "और हमारे में, प्रकाश, आई माने माँ."

तो दोन पावलं गेला. मग वळला. त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेलं, एकेक पायरी. हातातलं भांडं त्यानं खाली ठेवलं. दोन दिवस कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो औषधाच्या खोक्यांचे कापलेले पुठ्ठे आणि दोऱ्याचं रीळ घेऊन.

"लिख दो," तो म्हणाला. "सबका पूछ के लिख दो. मैं बाँध दूँगा."

तेव्हापासून हे चालू आहे. यात एक पद्धत आहे, ती सुलूनं चुकत चुकत बसवली. माणूस शुद्धीवर असताना, रडवेला नसताना, दाढी करून झाल्यावर किंवा चहा पिताना विचारायचं. "घर में माँ को क्या बोलते हो?" काही लगेच सांगतात. काही म्हणतात, "मर गई." "मरी हुई को क्या बोलते थे?" कुणी भाभी म्हणतो, कारण घरात सगळे तिला भाभी म्हणत. कुणी नुसतंच नाव घेतो. काहींना आईनंच घराबाहेर काढलेलं असतं, ते भिंतीकडे तोंड फिरवतात. त्यांचं कार्ड कोरं ठेवायचं, पण बांधायचं. कोरं कार्डसुद्धा कधीतरी भरतं.

आणि तापात, ग्लानीत माणूस तो शब्द उच्चारू लागला की जो जवळ असेल, नर्स, झाडूवाली, शेजारचा पेशंट, त्यानं जाऊन हात धरायचा आणि म्हणायचं, "हाँ, आई हूँ."

"मैं मरद हो के कैसे बोलूँ, आई हूँ?" प्रकाशनं पहिल्याच आठवड्यात अडचण काढली होती.

"बोल. बुखार को व्याकरण नहीं आता."

तो बोलू लागला. आता त्याचे केस पिकलेत, आणि मिशीवाला प्रकाश एखाद्या ट्रक ड्रायव्हरच्या कपाळावर हात ठेवून "आई हूँ, बेटा" म्हणतो तेव्हा हसत कोणी नाही. वॉर्डातले सगळे सुलूला आई म्हणतात. ती जिन्यात दिसली की आतून कोणीतरी सांगतं, "आई आई." त्यांना त्यातला विनोद माहीत नाही. सुलूला आहे. रोज तो तिला दारात भेटतो, आणि रोज ती चप्पल काढण्याच्या निमित्तानं क्षणभर वाकते.

गोळ्या आल्या, माणसं जगू लागली. आता या आजारानं मरतात ते बहुतेक गोळ्या सोडून देणारे. सुलू त्यांना फोन करते, शिव्या घालते. ज्यांना न्यायला कोणी आलं नाही त्यांच्याबरोबर ती आणि प्रकाश स्मशानात गेलेत. किती वेळा ते तिनं मोजलं नाही. रमेश सुरुवातीला गप्प असायचे, मग स्कूटरवर सोडू लागले, मग एक दिवस वर आले आणि एका पेशंटशी रेल्वेच्या वेळापत्रकावरून भांडत बसले. शेवटची सहा वर्षं त्यांनी तीच सेवा केली. भांडायची. पेशंटांना ती फार आवडे.

फक्त घराबाहेर, गावात, आल्हाद अजून कावीळनंच गेलेला होता.

गेल्या वर्षी भय्यासाहेब पोतनीस घरी आले. पूर्वज दरबारात कामाला होते, आणि भय्यासाहेबांनी ती ऐट धोतराच्या सोग्यासारखी अजून सांभाळली आहे. ते मराठी मंडळाचे अध्यक्ष. वर्धापनदिनाला मंडळ सुलूचा सत्कार करणार होतं. सन्मानपत्राचा मसुदा त्यांनी चष्मा लावून वाचला. "'...एकुलत्या पुत्राच्या दीर्घ आजाराने झालेल्या अकाली वियोगानंतर...'"

"थांबा," सुलू म्हणाली. "आजाराचं नाव घाला."

"कावीळ? सन्मानपत्रात कावीळ बरी दिसत नाही हो, सुलूताई."

"कावीळ नव्हती. एड्स होता."

भय्यासाहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. समोर ठेवलेल्या चहाकडे पाहिलं आणि कप दोन बोटं लांब सरकवला. मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो चार बोटं जवळ ओढला.

"बघा, माझी काही हरकत नाही," ते म्हणाले. "पण हॉलमध्ये बाल-बच्चे असतात, नव्या सुना असतात. दुर्धर व्याधी म्हणू?"

"व्याधीला नाव असतं. माझ्या मुलाचं घालताय ना? मग तिचंही घाला."

"कमिटीत विचारतो," भय्यासाहेब म्हणाले, आणि चहा संपवून गेले. सगळा संपवला, हे सुलूनं त्यांच्या खाती नोंदवलं.

दोन दिवसांनी ऋताचा फोन आला. मंडळाच्या कुणीतरी सौमित्रच्या आतेबहिणीला विचारलं होतं.

"आई, तू हे काय लावलंयस? माझ्या घरी पता नाहीये. माईंना पण नाही, सौमित्रला पण नाही. वीस वर्षं झाली. आता बोलले तर ते लोक म्हणतील ना, की लग्नाच्या वेळी फसवलं."

"फसवलंच होतं."

"मग मी काय करू ते सांग. मी तर आत चहाचे कप भरत होते." ऋता रडत होती. "तुझा एक गेला. माझं घर पण जाऊ दे का?"

सुलूला आठवलं, आल्हाद म्हणाला होता, पोहे नीट कर. त्याला सगळं ठाऊक होतं, कशासाठी पोहे ते, आणि कुणी आलं तर काय सांगायचं ठरलंय तेही. तिनं भय्यासाहेबांना फोन केला. "लिहा, दीर्घ आजार. माझं काही म्हणणं नाही."

तेच खोटं, त्याच मुलीसाठी, त्याच तोंडानं. फक्त या वेळी ती अडखळली होती.

सत्कार रविवारी चारला होता. वॉर्डात येणार नाही म्हणून तिनं प्रकाशला सांगून ठेवलं. चार नंबरच्या खाटेवर अनिल म्हणून एक होता, पस्तिशीचा, नीमचकडून आलेला, मेंदूपर्यंत गेलेला टीबी. गोळ्या वर्षभर सोडल्या होत्या. त्याचं कार्ड कोरं होतं. दोन आठवडे विचारूनही त्यानं एकच सांगितलं होतं, "किसी को नहीं बुलाता."

ऋता इंदूरहून सौमित्र आणि माईंना घेऊन थेट हॉलवर जाणार होती. सुलूनं जांभळी साडी नेसली. रिक्षा टावर चौकात गर्दीत अडकली होती, पाणीपुरीच्या गाड्यांपाशी, आणि फोन वाजला.

"आई, आप तो आज नी आने वाली हो, मेरे को पता है," प्रकाश म्हणाला. "बस पूछना था. चार नंबर चालू हो गया है. दो बजे से. गाड़ी माँग रहा है. गाड़ी, गाड़ी. मैंने बोला, कहाँ जाना है भिया? सुनता नी. डाक्टर साब बोले, बाँध दो हाथ."

"गाड़ी?" सुलू म्हणाली. "उसके पास फोन ले जा."

वॉर्डाचा पंखा ऐकू आला, खाटेची करकर, आणि मग तो आवाज. तो गाडी म्हणत नव्हता. सुलूच्या डोळ्यांसमोर पुसदचा बाजार उभा राहिला. पायरीवर बसलेली शेंबडी मुलं, आरशांचे घागरे उन्हात, आणि गर्दीत आई दिसेनाशी झाली की त्या मुलांचा एकच गलका.

याडी. याडी.

"प्रकाश, हाथ मत बाँधना," ती म्हणाली. "गाड़ी नहीं बोल रहा. याड़ी. बंजारों में माँ को बोलते हैं. उसका हाथ पकड़. बोल, आई हूँ. मैं आ रही हूँ."

हॉल तिथून दोन मिनिटांवर होता. पावणेचार वाजले होते. तिनं रिक्षावाल्याला वळवायला सांगितलं.

"पर आपने तो फ्रीगंज का हॉल बोला था, अम्मा."

"बोला था. अब नहीं बोल रही."

वाटेत तिनं ऋताला फोन केला. तो उचलला गेला नाही, हॉलमधला गोंधळ असेल. मग तिनं फोन पिशवीत टाकला.

जिना चढताना तिनं पायऱ्या मोजल्या नाहीत. आत प्रकाश चार नंबरच्या काठावर बसला होता, अनिलचे दोन्ही हात छातीशी धरून. सुलू स्टुलावर बसली आणि तिनं ते आपल्या हातात घेतले. साठ वर्षांत त्या बोलीतलं एक वाक्य तिच्या तोंडून गेलं नव्हतं. शब्द होता तेवढा पुरे झाला. "याडी आई," ती म्हणाली, अर्धं त्याच्या भाषेत, अर्धं प्रकाशच्या, आणि कुणालाही कळलं नसतं असं थोडं आपल्याही. "याडी आई, बेटा."

अनिलची धडपड कमी झाली. तासाभरानं ताप जरा उतरला. तो झोपला, तिचं बोट मुठीत धरून, तान्ह्या मुलासारखं घट्ट.

सहाच्या सुमारास दारात कोणीतरी उभं राहिलं. ऋता. वीस वर्षांत ती या दारापर्यंत कधी आली नव्हती. भाऊ कुठल्या खाटेवर होता तेही तिला माहीत नव्हतं. भरजरी साडीत, हातात मंडळाची शाल आणि नारळ, ती खाटांच्या मधून चालत आली.

"त्यांनी तुझं नाव पुकारलं," ती म्हणाली. "दोनदा. सगळे इकडे तिकडे बघायला लागले. मी उभी राहिले. म्हटलं, आई आली नाही." तिनं श्वास घेतला. "भय्यासाहेब म्हणाले, तब्येत बिघडली का? मी म्हटलं, नाही, वॉर्डात असेल. माझा भाऊ तिथे एड्सनं गेला, तेव्हा ती माझ्यासाठी घरी थांबली होती. आता नाही थांबणार. मग मला पुढचं सुचलंच नाही. मी बसले."

"मग?"

"मग भय्यासाहेबांनी चहाची सूचना केली."

सुलूला हसू आलं. ते मध्येच राहिलं. "आणि माई?"

"पहिल्याच रांगेत होत्या. गाडीत एक शब्द नाही. सौमित्र पण गप्प. टावर चौक आला तेव्हा म्हणाल्या, 'त्या दिवशी तुझ्या आईचे पोहे कोरडे झाले होते. मी तेव्हाच सौमित्रला बोलले होते, बाईचं लक्ष दुसरीकडे आहे.'" ऋतानं शालीच्या कोपऱ्यानं नाक पुसलं. "खाली बसल्यात. जिना चढवत नाही त्यांना. रागावल्यात, पण गेल्या नाहीत."

"त्यांना सांग, येते. यानं मूठ सोडली की येते. काय बोलायचं ते बोलू देत."

सुलूच्या मांडीवर अनिलच्या खाटेचा सोडून घेतलेला पुठ्ठा होता. मोकळ्या हातानं, डाव्या, तिनं त्यावर वेडीवाकडी अक्षरं काढली होती. "दोरा तू बांध. माझा एक हात गुंतलाय."

ऋतानं शाल आणि नारळ खाटेच्या पायथ्याशी ठेवला, उशाकडे वाकली, कांबीला दोरा गुंडाळून गाठ मारली. शब्द वाचला.

"याडी म्हणजे काय गं?"

"आई," सुलू म्हणाली.

पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं उशीवरून मान उचलली. त्याला दिसत कमी होतं.

"कौन आई?" त्यानं विचारलं.

"मेरी बेटी, बाबा," सुलू म्हणाली. "बेटी आई है."